शेती पुढच्या पिढीकडे सोपवताना: वाटणीच्या आधी घरात काय बोलायचं? (बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी)

शिवारवाट:

मंडळी, मी पीकेपीएसमध्ये, म्हणजे गावच्या शेती पतसंस्थेत (सोसायटीत), सचिव होतो. निवृत्तीनंतर बेळगाव तालुक्यात आणि खानापूरकडे शेतकरी घरांत बसून, कारभार पुढच्या पिढीकडे कसा द्यायचा याची बोलणी करून देतो. पैसे घेत नाही. पंच बोलावले जातात ते भांडण पेटल्यावर. माझा आग्रह असा की वडील धडधाकट आहेत, त्यांच्या शब्दाला घरात वजन आहे, तेव्हाच बसावं.

जमिनीचे वाटे कसे पडतील याचा विचार प्रत्येक घर करतं. शेतीचा धंदा कोण चालवणार आणि त्याला तो कधीपासून चालवू द्यायचा, हे मात्र कुणी ठरवत नाही. येळ्ळूर-शहापूर शिवारात बासमती आणि त्यावर मसूर घेणारं घर घ्या, नाहीतर कडोलीकडचं भाजीपाल्याचं. उताऱ्यावर चार एकर दिसतात, पण घर चालतं ते बापाच्या डोक्यातल्या हिशोबावर. बी कोणाकडून आणायचं, कोणता दलाल पट्टी वेळेत देतो, कुठल्या गड्याला किती उचल दिलीय, सामाईक विहिरीची आपली पाळी कोणत्या वारी, बळ्ळारी नाल्याचं पाणी चढलं तर कोणता तुकडा आधी बुडतो. पोरगा चाळिशीला आला तरी सोसायटीत सही बापाची, उसाचं बिल बापाच्या खात्यावर, आणि खताच्या पोत्यासाठी पोरगा हात पसरतो. मग बाप अचानक आजारी पडला की सगळा कारभार एका आठवड्यात त्याच्या अंगावर येतो, आणि कोणाचं किती देणं आहे हेसुद्धा त्याला गावातूनच कळतं.

म्हणून पहिल्या बैठकीत मी जमिनीचा विषय काढतच नाही. वडिलांना आणि आईला वेगवेगळं विचारतो: कोणाकडे न मागता महिन्याला तुमच्या हातात किती पैसा हवा? औषधं, देवकार्य, लेकी-नातवंडांना देणंघेणं, सगळं धरून. हा आकडा बाहेर आला की निम्मी भीती निवळते. बाप कारभार सोडत नाही यामागे लोभ क्वचितच असतो. उद्या आपल्याला कोण विचारणार, ही धास्ती असते. आईचा आकडा तर घरात पहिल्यांदाच कोणीतरी विचारलेला असतो, त्यामुळे ती आधी म्हणते, "मला काय लागतंय?" तिथे थांबायचं नाही. पुन्हा विचारायचं.

दुसरी बैठक कागदांची. उतारे, फेरफार, सोसायटीचं कर्ज, हातउसने, कारखान्याचे शेअर, ट्रॅक्टरचा हप्ता, पंपाचं कनेक्शन कोणाच्या नावे आहे ते. हेस्कॉमचा (वीज कंपनीचा) आरआर नंबर, म्हणजे वीज कनेक्शनचा नंबर, आजोबांच्या नावे असलेली घरं मी कितीतरी पाहिलीत. दहा एचपीपर्यंतच्या पंपाला शेतीची वीज मोफत आहे, त्यामुळे बिल येत नाही आणि नाव कुणाचं हे कोणी बघत नाही. वाटणीनंतर मात्र विहीर एकाच्या तुकड्यात, कनेक्शन मेलेल्या माणसाच्या नावे आणि पाळी तिघांची, असा गुंता होतो.

तिसऱ्या बैठकीला लेकी आणि सुना पाहिजेतच. त्यांना चहा करायला आत बसवून ठरवलेली गोष्ट टिकत नाही.

तुमच्या घरी हे कसं झालं किंवा कुठे अडलंय, लिहा. नावं-गावं नकोत.

पहाटपाळी:

काका, माझीच गोष्ट लिहिल्यासारखी वाटली. आमच्याकडे चार म्हशी, दोन एकर भाजी आणि मी सुरू केलेली रोपांची नर्सरी. नर्सरी माझ्या डोक्यातून आली, ट्रे मी आणले, गिऱ्हाईक मी जोडलं. पैसे मात्र बाबांच्या खात्यात जातात. मी ३६ वर्षांचा आहे. मुलीच्या शाळेची फी भरायची असली की बाबांना सांगावं लागतं. ते कधी नाही म्हणत नाहीत, पण प्रत्येक वेळी मागावं लागतं हेच मला खातं. थोरला भाऊ उद्यमबागेत फाउंड्रीत आहे, त्याला महिन्याचा पगार आहे. वाटणीत आम्ही दोघे आणि बहीण सारखेच. मग मी घातलेल्या वर्षांचं काय?

आडसाली:

शिवारवाट, तुमचं काम चांगलं हाय. खरं मी सांगालोय ते बी ऐका. माझा ऊस चार एकर, वय सत्तरच्या पुढं. आमच्या भावकीत एकानं पोरांच्या नावावर सगळं करून दिलं. मोठ्या मनानं दिलं. आता त्याला गुटख्याच्या पुडीलाबी सुनेकडं बघावं लागतंय. गावात बसायला येतो तवा मान खाली घालून येतो. मी ते बघालोय रोज. म्हणून मी ठरवलंय, डोळं मिटूस्तोवर उतारा माझ्याच नावावर. पोरं राबत्यात, मला कळतंय. त्येंचं वाईट व्हावं असं कुठल्या बापाला वाटंल? खरं हातातलं सोडलं की माणूस संपतोय.

शिवारवाट:

आडसालीदादा, तुमचं म्हणणं मी मनापासून मान्य करतो. उतारा नावावर ठेवाच. कुणी घाई करून बक्षीसपत्र मागत असेल तर देऊ नका. बक्षीसपत्र नोंद झालं की मर्जी फिरली म्हणून परत घेता येत नाही. मृत्युपत्र तुम्ही हयातीत कितीही वेळा बदलू शकता.

पण कारभार देणं आणि मालकी देणं या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. चार एकर ऊस आहे ना? एक एकर पूर्णपणे मुलाच्या हातात द्या. लागण कोणती, आडसाली की पूर्वहंगामी, खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून फुटणारा ऊस) ठेवायचा की मोडायचा, खत किती, तोडणीची टोळी कुठली, सगळं तो ठरवेल. खर्च त्याचा, त्या एकराचं बिल त्याचं. तुम्ही बांधावर बसून बघा, विचारलं तर सांगा. दोन हंगाम असे गेले की दुसरा एकर द्या. चुकला तरी एका एकराचं नुकसान, आणि तुम्ही शेजारी असताना. शिकायची हीच वेळ आहे. तुमच्या माघारी त्याच चुका चार एकरांवर होतील, तेव्हा सांगायला तुम्ही नसाल.

आणि एक एकर शेवटपर्यंत तुमच्या दोघांसाठी बाजूला ठेवा. त्याचं बिल फक्त तुमच्या आणि वहिनींच्या खात्यावर. हे मी प्रत्येक घरात सांगतो. पोरं कितीही चांगली असली तरी म्हाताऱ्यांचा पैसा म्हाताऱ्यांच्या हातात हवा.

पहाटपाळी, तुझ्या प्रश्नावर नंतर सविस्तर लिहितो. तो सगळ्यात अवघड आहे.

कोर्टकट्टा:

मी बेळगावच्या कोर्टात दिवाणी कामं बघतो. काही गोष्टी स्पष्ट लिहून ठेवतो, कारण याच गैरसमजांवर दावे उभे राहतात.

वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आणि जन्मापासून आहे. हिंदू वारसा कायद्यात ही दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. कर्नाटकने त्याआधी १९९४ मध्ये स्वतःची दुरुस्ती केली होती, पण ती तेव्हा लग्न न झालेल्या मुलींपुरती होती. "बहिणीचं लग्न ९४ च्या आधी झालंय, तिला काही नाही" असं अजून गावोगाव सांगितलं जातं, ते आता चालत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेही सांगितलं की २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा कोर्टाच्या हुकमाने वाटणी पुरी झाली असेल, तर ती मोडत नाही. तोंडी वाटणी झाली होती एवढं म्हणून भागत नाही.

वडिलांची स्वकष्टाची जमीन असेल तर ते ती मृत्युपत्राने हवी त्याला देऊ शकतात. मृत्युपत्र नसेल तर बायको, मुलगे, मुली आणि वडिलांची आई हयात असेल तर ती, सगळे सारखे वारस. अशा स्वकष्टाच्या जमिनीवर, वडील हयात असताना मुलीकडून "पुढे मिळणारा हक्क सोडला" असं लिहून घेतात. त्या कागदाला अर्थ नाही, कारण तो हक्क तिला अजून मिळालेलाच नसतो.

फेरफारात नाव लागलं म्हणजे मालक झालो, हाही गैरसमज. फेरफार महसुलासाठी असतो. तसंच नॉमिनीचं. कारखान्याच्या शेअरला किंवा बँकेत नॉमिनी लावला म्हणजे पैसा त्याचा होत नाही. तो वारसांच्या वतीने घेतो.

आपल्या भागातली आणखी एक गोष्ट म्हणजे कुळाची जमीन. १९७४ च्या दुरुस्तीनंतर लँड ट्रिब्युनलने कूळ म्हणून हक्क दिले, ते बऱ्याच घरांत एकट्या थोरल्या भावाच्या नावावर झाले, कारण अर्ज त्याने केला होता. कुटुंब एकत्र कसत होतं असं सिद्ध झालं तर त्या जमिनीत धाकट्या भावांच्या वारसांचाही हक्क निघतो. उताऱ्यावर एकच नाव दिसतंय म्हणून वाटणी सोपी आहे असं धरून चालू नका. जुने कागद काढा.

आडसाली आजोबांसाठी: २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे. जमीन देताना "आमचा सांभाळ करावा" ही अट कागदातच लिहिली असेल आणि सांभाळ झाला नाही, तर तो व्यवहार रद्द करून घेता येतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा. अट मनात असून उपयोग नाही, ती कागदावर हवी.

माहेरवाशीण:

मी बेळगावजवळच्या गावची, दिली चंदगड तालुक्यात. बाबा गेल्यानंतर पहिल्या दिवाळीला भाऊबीजेचं ताट उतरलं आणि दादाने कागद पुढे केला. कन्नडमध्ये होता. "सगळ्या बहिणी करतात, सही कर." मी कन्नड बोलते, पण कायद्याचं कन्नड मला वाचता येत नाही. मी सही केली नाही. त्यावरून दोन वर्षं माझं माहेर बंद होतं.

दादाने सही मागण्याआधी मला पाटावर बसवून सांगितलं असतं की आक्का, जमीन एवढी आहे, कर्ज एवढं आहे, मी हे पिकवतो, तुला काय वाटतं, तर कदाचित मी सगळंच सोडलं असतं. आमच्याकडे सासरी शेती आहे, पोटाला कमी नाही. मला न विचारता माझं ठरवलं होतं, आणि न कळणाऱ्या भाषेत.

पुढे मामा मध्ये पडले. मी हक्कसोड दिलं, पण दहा गुंठे ठेवून. त्या दहा गुंठ्यांत दादाच पिकवतो, दरवर्षी भाताचं एक पोतं आणि रताळी पाठवतो. माझ्या मुलांना सांगता येतं की तुमच्या आजोळी आईचं शेत आहे.

शिवारवाट:

ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. भाषेचा मुद्दा आपल्या भागात सगळ्यांनी गांभीर्याने घ्यायला हवा. उतारा कन्नडमध्ये, नोंदणीचा कागद कन्नडमध्ये, आणि १९५६ च्या, म्हणजे हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात जाण्याच्या, आधीचे घरातले कागद मराठीत, काही मोडीत. म्हाताऱ्या माणसाला तिन्हीतलं एकही धड वाचता येत नाही. मी एक पद्धत ठेवली आहे. नोंदणीच्या आधी मसुद्याचं मराठी भाषांतर करून घ्यायचं, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं, सर्व्हे नंबर आणि चतु:सीमा उताऱ्याशी ताडून बघायच्या, आणि ती मराठी प्रत प्रत्येकाच्या घरी ठेवायची. कायदेशीर कागद कन्नडच राहील, पण आपण कशावर सही केली हे प्रत्येकाला कळलेलं असतं.

शेतकरी संघटनेच्या १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर 'लक्ष्मी मुक्ती'ची मोहीम झाली, बायकोच्या नावे जमीन करून देण्याची. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात निपाणीनेही संघटनेला मोठं बळ दिलं होतं. त्या आंदोलनातल्या आजोबांची नातवंडं आज वाटणीला बसतात तेव्हा आईच्या नावाचा विषयही निघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

धाकटी_सून:

मला फार लिहिता येत नाही. नवरा वारला, दोन मुलं लहान. सासरेही नंतर वारले. जमीन अजून सासऱ्यांच्या नावावर. मी माझ्या वाटणीचा म्हणून दाखवलेला तुकडा करते, भात आणि हरभरा. अतिवृष्टीची भरपाई आली ती मला मिळाली नाही, कारण उताऱ्यावर माझं नाव नाही. दीर म्हणतात नंतर बघू. मी काय करू शकते?

कोर्टकट्टा:

ताई, तुमचा हक्क पक्का आहे. आधी वारलेल्या मुलाची विधवा आणि त्याची मुलं हे वर्ग एकचे, म्हणजे सगळ्यात आधी हक्क लागणारे, वारस आहेत. नवऱ्याचा जो वाटा असता तो तुम्हाला आणि मुलांना मिळतो.

वाटणीपर्यंत थांबायची गरज नाही. आधी पौती खातं करून घ्या, म्हणजे वारसांची नोंद. सासऱ्यांचा आणि नवऱ्याचा मृत्यू दाखला, वंशावळ, सगळ्या वारसांचे आधार घेऊन नाडकचेरीत (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत) अर्ज द्या. कोणीही एक वारस अर्ज करू शकतो, दिरांच्या संमतीसाठी अडून बसू नका. नोंद सगळ्यांच्या नावे एकत्र होईल. कोणी हरकत घेतली तर प्रकरण तहसीलदारांपुढे जातं, तिथे तुमची बाजू मांडता येते. मेलेल्या खातेदारांच्या नावावरच्या जमिनी वारसांच्या नावे करण्यासाठी सरकारनेच मोहीम काढली आहे, तिचा फायदा घ्या.

नाव लागलं की फ्रूट्सची (सरकारी शेतकरी नोंदणी) नोंद करून एफआयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक, घ्या. भरपाई, बियाण्याची सबसिडी, पीककर्ज, सगळं त्याला जोडलेलं आहे. पीएम किसानला १ फेब्रुवारी २०१९ पर्यंत नाव असण्याची अट आहे, पण मृत्यूनंतर वारसाने आलेल्या जमिनीला त्यातून सूट आहे. हे ऑफिसात कोणी सांगितलं नाही तर तुम्ही सांगा.

तरीही दीर ऐकत नसतील तर कोर्टात वाटणीचा दावा. वकिलाच्या फीची काळजी करू नका. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. जिल्हा कोर्टाच्या आवारात कायदा सेवा प्राधिकाराचं ऑफिस आहे, तिथे साधा अर्ज द्यायचा.

धाकटी_सून:

वंशावळ कोण देतं?

कोर्टकट्टा:

नाडकचेरीतच अर्ज करायचा. तलाठी चौकशी करून अहवाल देतात. त्यात सासऱ्यांच्या मुलींची नावंही यायला हवीत. कोणाचं नाव गाळलं तर पुढे सगळंच अडकतं.

जांबोटी_घाट:

मी गोव्यात कामाला. आमचं खानापूर तालुक्यात भात आणि थोडा काजू. घरी भाऊ बघतो. इथे सगळे घरी राहिलेल्याच्या बाजूने बोलत आहेत, ते बरोबरच आहे, पण बाहेर गेलेल्याचंही ऐका. बोअर मारली तेव्हा पैसे मी पाठवले. पॉवर टिलरचे हप्ते मी भरले. बाबांच्या ऑपरेशनचा खर्च आम्ही दोघांनी केला. यातलं काहीच लिहून ठेवलेलं नाही. भाऊ म्हणतो मी राबलो, मी म्हणतो मी पाठवले, दोघेही खरं बोलतोय. मला शेत विकायचं नाही. म्हातारपणी परत यायला घराची एक खोली आणि अंगणातला फणस माझा असावा, एवढंच आहे. ते भावाला सांगायला मला अजून जमलं नाही.

शिवारवाट:

जांबोटी, हे असंच्या असं भावाला लिहून पाठवा. फोनवर जमत नसेल तर पत्र लिहा. बाहेरच्याला विकायचंच आहे असं घरचा धरून बसतो, आणि घरच्याला सगळं गिळायचंय असं बाहेरचा. दोघांच्या मनात काय आहे ते एकदा समोर आलं की गणित सोपं होतं. घराचं आणि शेताचं वाटप वेगळं करता येतं. तुम्हाला घरात हक्काची खोली, भावाला शेताचा कारभार, असं जमू शकतं.

आता पहाटपाळीच्या प्रश्नाकडे येतो. जो शेतात राहिला त्याच्या वर्षांचं मोल काय?

खानापूरच्या पश्चिमेला याचं उत्तर त्यामानाने सोपं आहे. तिथे शेतीचं उत्पन्न आणि जमिनीचा भाव यांचा थोडातरी मेळ बसतो. शेतीत राहणाऱ्याने भावाबहिणींचे वाटे हप्त्याहप्त्याने विकत घ्यावेत, हे शक्य असतं. कायदाही त्याच्या बाजूने आहे. वारसाने आलेल्या जमिनीतला वाटा एखादा वारस विकायला निघाला तर बाकीच्या वारसांना तो आधी विकत घेण्याचा हक्क वारसा कायद्याच्या कलम २२ ने दिलाय, आणि तो शेतजमिनीलाही लागू आहे असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये म्हटलंय.

बेळगाव शहराच्या भोवती हे चालत नाही. हिंडलगा, कंग्राळी, मच्छे, पिरनवाडी, हलगा, अनगोळ, इथे जमिनीचा भाव प्लॉटचा झालाय. २०२० मध्ये कर्नाटकने लँड रिफॉर्म्स कायदा बदलला, तेव्हापासून शेतकरी नसलेलाही शेतजमीन घेऊ शकतो. भाजी आणि दूध विकून कोणीही त्या भावाने भावाचा वाटा घेऊ शकत नाही. इथे "सगळ्यांना बाजारभावाने सारखं" म्हटलं की शेती संपली, विकणं एवढंच उरतं. आणि "राबणाऱ्यालाच जमीन" म्हटलं, आणि पाच वर्षांनी त्याने ती प्लॉट पाडून विकली किंवा ती रस्त्यात जाऊन मोबदला आला, तर बहीण-भावांची उघड फसवणूक होते. हलगा-मच्छे बायपासच्या वेळी सुपीक शिवार डोळ्यांसमोर गेलं, सगळ्यांनी पाहिलं. उताऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या हाती चेक, ही भीती घराघरात आहे.

म्हणून आम्ही असा मार्ग काढतो. जमिनीला दोन किमती आहेत हे घरात मान्य करायचं, पिकवण्याची आणि विकण्याची. शेती करणाऱ्याला जमीन किंवा तिचा मोठा भाग पिकवण्याच्या किमतीने द्यायचा. बाकीच्यांना त्या हिशोबाने रक्कम, तीही दहा-बारा वर्षांच्या हप्त्यांत, सुगीनंतर. आणि वाटणीपत्रातच अट घालायची की ठरलेल्या वर्षांत जमीन विकली, बिगरशेती केली किंवा सरकारने घेतली, तर वाढीव रकमेत सगळ्यांचा ठरलेला वाटा. वर्षं किती आणि वाटा किती, हे घराने ठरवायचं. मी पंधरा वर्षं सुचवतो. राबणाऱ्याला शेती मिळते, आणि शेती संपलीच तर कोणाच्या तोंडचा घास जात नाही.

त्याच्या आधी, आजपासून, पहाटपाळीला महिन्याला ठरलेली रक्कम मिळायला हवी. घरखर्चाव्यतिरिक्त, त्याच्या स्वतःच्या खात्यात. फाउंड्रीत जाणाऱ्याला पगार आहे तर म्हशींमागे पहाटे उठणाऱ्याला का नको? ही रक्कम वहीत लिहिली की पुढे "मी राबलो" या वादाला जागाच राहत नाही. सूनही धारा काढत असेल तर तिच्या खात्यातही वेगळी. आणि नर्सरी तर त्याने उभी केली आहे, तिचं खातं त्याच्याच नावाचं हवं. जागा बाबांची आहे म्हणून त्याने बाबांना भाडं द्यावं.

कोर्टकट्टा:

अट घालताना मसुदा नीट करून घ्या. "विकू नये" अशी कायमची सरसकट बंदी टिकणार नाही. विकल्यास वाढीव रकमेतला वाटा द्यावा, अशी पैशांची जबाबदारी लिहिणं बरं. वाटणीपत्र नोंद करा, साध्या कागदावरचं लिखाण पुढे उपयोगी पडत नाही. सर्व्हे नंबराचे तुकडे होणार असतील तर आधी मोजणीचा अर्ज देऊन ११-ई नकाशा (पडणाऱ्या तुकड्यांचा मोजणी नकाशा) काढावा लागतो, त्याशिवाय नोंदणी होत नाही. सर्व्हेअरची तारीख यायला वेळ लागतो, तेवढा अंदाज धरा. वाट आणि पाण्याची पाळी नकाशासोबत लिहून घ्या. मी पाहिलेल्या भावकीच्या दाव्यांत बांधावरून जाण्याची वाट हे कारण फार वेळा असतं.

आडसाली:

शिवारवाट, दोन किमतीचं गणित पटलं. आमच्याकडं प्लॉटचा भाव न्हाई, खरं नदीकाठची आणि माळाची जमीन ह्येच्यात तसंच हाय. गुंठं सारखं मोजून दिलं की माळ घेणारा मेला. एकर एकर देऊन बघायचं म्हणतोय ते बी करून बघतो. थोरल्याला खोडवा मोडून सोयाबीन करायचंय म्हणं. मला पटत न्हाई. खरं त्येच्या एकरात त्यो करू दे.

शिवारवाट:

करू दे दादा. आणि सोसायटीत जाऊन मुलाला सभासद करून घेता येईल का ते विचारा. बिनव्याजी पीककर्जाची मर्यादा राज्यात ३ लाखांवरून ५ लाख झाली आहे, पण कर्ज उताऱ्यावर मिळतं. एक एकर त्याच्या नावे केल्याशिवाय त्याला स्वतंत्र कर्ज मिळणार नाही. ते आत्ता करायचं की थांबायचं हे तुम्ही ठरवा. घाई नाही.

सीमेवरचा:

आमची जमीन दोन्हीकडे आहे, काही चंदगड तालुक्यात, काही बेळगाव तालुक्यात. एकाच कागदात वाटणी होते का?

कोर्टकट्टा:

वारसा कायदा दोन्हीकडे एकच, महसुलाचे नियम वेगळे. तिकडे सातबारा, इकडे आरटीसी. मोजणी, फेरफार, मुद्रांक, सगळं त्या त्या राज्याप्रमाणे. घरातला ठराव एक करा, दोन्हीकडची जमीन धरून, नाहीतर हिशोब चुकतो. नोंदणी आणि फेरफार कसा करायचा हे दोन्हीकडच्या वकिलांना दाखवून ठरवा. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. म्हणून तिकडची सगळी जमीन सोडून देण्याआधी विचार करा, मुलांना पुढे तिकडे घ्यायची असेल तर अडचण येते.

पहाटपाळी:

काका, काल रात्री तुमचं उत्तर बाबांना वाचून दाखवलं. आईही बसली होती. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, नर्सरीचं खातं तुझं कर, म्हशींचं राहू दे. आईने आकडा सांगितला, महिन्याला तीन हजार तिच्या हातात हवेत. बाबांना तो जास्त वाटला, मला कमी. भावाला आणि बहिणीला रविवारी बोलावलंय. तुम्ही याल का?

शिवारवाट:

येतो. उतारे, सोसायटीची थकबाकी आणि दुधाच्या डेअरीचं पुस्तक काढून ठेवा. बहिणीला गाडी पाठवा, आणि जमलं तर जावईबापूंनाही बोलवा.